पहिला बिंदू

१

सुधींद्ररावांना बरोबर ठरायची सवय होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. धारवाडच्या कॉलेजात चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, दूध किती मिनिटांत उतू जाईल ते सांगायचा. आणि ते तेवढ्याच मिनिटांत उतू जायचंही, कारण घड्याळाकडे बघण्याच्या नादात गॅस बंद करायचं भान त्याला नसायचं. मग निवेदिता ओटा पुसायची आणि म्हणायची, बरोबर सांगितलंत हो, आता फडकंही तुम्हीच धुवा.

त्या वर्षीचा धूमकेतू म्हणजे त्यांच्यासाठी पर्वणीच होती. हा आपल्या सूर्यमालेतला नव्हता. कुठल्या तरी परक्या ताऱ्याकडून आलेला, सूर्याला वळसा घालून निघालेला, आणि एकदा गेला की कधीच परत न येणारा. आपले बरेचसे धूमकेतू हजार वर्षांनी का होईना परततात. याचा वेग इतका की सूर्यालाही तो आवरत नव्हता. बेळगावहून निघणाऱ्या एका दैनिकात सुधींद्ररावांनी त्याच्यावर लेख लिहिला आणि दोन भाकितं ठोकून दिली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात याचं शेपूट उलटं दिसेल, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला न जाता सूर्याच्याच दिशेनं रोखलेलं. आणि आठ दिवसांत ते आपोआप नाहीसं होईल. यात अपशकुन वगैरे काही नाही, असंही त्यांनी ठणकावून लिहिलं. कच्च्या रस्त्यावरून ट्रक गेला की धुरळा मागेच राहतो. आपण नेमके रस्त्याच्या रेषेत उभे असलो की तोच धुरळा ट्रकच्या पुढेही आहे असं वाटतं. पृथ्वी त्या आठवड्यात धूमकेतूच्या रस्त्याच्या रेषेत येणार होती, एवढंच.

दोन गल्ल्या पलीकडे राहणारे बाळाचार्य पंचांग सांगायचे. त्यांनी लेख वाचला आणि फाटकापाशी गाठून विचारलं, "मास्तर, म्हणजे हा जाता जाता मागं वळून बघणार म्हणा की. पाहुणा असा मागं बघायला लागला की आमच्या आई विचारायच्या, काय राहिलं का हो न्यायचं?" सुधींद्रराव मनापासून हसले. बाळाचार्यांच्या अडाणीपणावर त्यांचं प्रेम होतं.

शेवटी कामाला आली ती बाळाचार्यांचीच गच्ची. धूमकेतू अंधार पडल्यावर दिसायचा, पण कॅमेरा उजेड असतानाच रोखून ठेवावा लागे. तो नेमका कुठे दिसेल याचं गणित सुधींद्रराव दुपारी करत. मग निवेदिता टॉर्च घेऊन बाळाचार्यांच्या गच्चीवर जाऊन उभी राहायची आणि हे आपल्या गच्चीवरून फोनवर सांगायचे, दोन पावलं डावीकडं, अजून अर्धं, हं, थांब. तिच्या डोक्यावर बरोब्बर चार बोटं, तिथे पाऊण तासानं धूमकेतू दिसणार. आणि दिसायचा. अडतीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी उभी राहिली होती. हे काम त्यातल्या त्यात सोपं होतं.

२

धूमकेतूचा फोटो एका फोटोत निघत नाही. एका फोटोत तो नुसता पांढुरका डाग असतो. म्हणून वीस-वीस सेकंदांचे शंभर-सव्वाशे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. पण तेवढ्या वेळात धूमकेतू खाली सरकलेला असतो. तेव्हा पहिल्या फोटोत त्याच्यावर एक बिंदू ठेवायचा, शेवटच्या फोटोत दुसरा. मधला हिशेब कॉम्प्युटर करतो आणि प्रत्येक फोटो असा सरकवून बसवतो, की धूमकेतूवर धूमकेतूच पडावा. तो स्वच्छ उठून येतो. जे त्याच्याबरोबर चाललेलं नाही, घरं, झाडं, पाण्याच्या टाक्या, त्या सगळ्याचे फराटे होतात.

चोवीस नोव्हेंबरचा फोटो सुधींद्ररावांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला निघाला. गोल, टपोरं डोकं आणि मावळलेल्या सूर्याकडे रोखलेलं उलटं शेपूट, सुईनं रेघ मारावी इतकं नेमकं. दैनिकानं तो पहिल्या पानावर छापला. जर्मनीहून मुलीचा, वेदश्रीचा, फोन आला. फेब्रुवारीत तिचं बाळंतपण होतं आणि दोघांना तिकडे जायचं होतं. पासपोर्ट नवे करायचे राहिलेत त्याबद्दल ती रागावली आणि मग फोटोचं कौतुक केलं.

निवेदिता चष्मा कपाळावर चढवून पेपर डोळ्यांपाशी धरून बघत होती. म्हणाली, "मी पण आलेय की यात."

आली होती. धूमकेतूच्या खाली, गच्चीच्या फराट्यांमध्ये, तांदळाच्या दाण्याएवढी. पदर खोचलेला, उजव्या हातात टॉर्च, डावा हात कमरेवर. सुधींद्रराव म्हणाले, वा, पहिल्या पानावर आलीस. तिनं ते पान घडी करून कपाटात ठेवलं.

दुपारी जेवून आडवे झाल्यावर त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. फोटो एकशे दहा. निवेदिता पहिल्या दोन फोटोंपुरतीच गच्चीवर होती. अनुसयाबाईंशी, म्हणजे बाळाचार्यांच्या बायकोशी, बोलत रेंगाळली होती म्हणून तेवढी तरी आली. मग ती घरी गेली. तिसाव्या फोटोला खालून आपल्या कुकरची शिट्टी ऐकल्याचं त्यांना आठवत होतं. एकशे दहांतल्या दोन फोटोंतलं माणूस बेरजेत उरतच नाही, पाण्यात मीठ विरघळावं तसं जातं. आणि उरलंच तर त्याचा फराटा व्हायला हवा. गच्चीचा झाला होता, टाकीचा झाला होता, अनुसयाबाईंच्या वाळत घातलेल्या पातळाचा झाला होता. निवेदिता मात्र इतकी स्पष्ट होती की तिच्या टॉर्चची काचही वेगळी ओळखू येत होती.

ते उठून बसले. याचा अर्थ एकच होता, की ती धूमकेतूबरोबर चालली होती, आणि तो मूर्खपणाचा होता, म्हणून त्यांनी चहा करून घेतला.

३

पुढच्या संध्याकाळपासून त्यांनी निवेदिताला गच्चीवर पाठवलं नाही. थंडी पडलीय, तुझा गुडघा दुखेल, असं सांगितलं आणि बाळाचार्यांच्या गच्चीवरच्या वाळवणाच्या खांबाला टॉर्च बांधून आले. निवेदिता खाली टीव्हीसमोर मटार सोलत बसली. सुधींद्रराव दर दहा मिनिटांनी जिन्यातून हाक मारत राहिले. चौथ्या हाकेला ती वैतागली. मी काय पळून जायलेय का, असं तिनं विचारलं.

सकाळी त्यांनी ते फोटो रचले. सुटे फोटो एकेक करून तपासले. कुठल्याही फोटोत गच्चीवर कुणी नव्हतं. बेरजेत ती होती. पदर खोचलेला, डावा हात कमरेवर.

सुधींद्रराव शास्त्राचे माणूस होते, त्यामुळे ते आधी कॅमेऱ्यावर संशय घेऊन मोकळे झाले. कॅमेऱ्यात जुन्या चित्राची सावली राहत असेल. त्यांनी कार्ड बदललं, लेन्स बदलली, रिकाम्या भिंतीचे फोटो रचून पाहिले. भिंतीवर कुणी नव्हतं. मग कॉम्प्युटरवर संशय घेतला. तो पुसून नव्यानं सगळं भरलं. पुढच्या संध्याकाळी ती पुन्हा आली.

धूमकेतू त्या चाळीस मिनिटांत गच्चीच्या कठड्याकडे उतरत जायचा. त्याच्याबरोबर चालायचं तर त्या बाईला गच्चीतून, स्लॅबमधून खाली बाळाचार्यांच्या माडीच्या खोलीत उतरावं लागलं असतं, जिथे अनुसयाबाई पापडाचे डबे ठेवायच्या. सुधींद्ररावांनी काहीतरी निमित्त काढून ती खोली बघितली. डबे होते, जुना पंखा होता, भिंतीला टेकवलेली खाट होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तीस तारखेला उलटं शेपूट मावळलं. त्यांनी सांगितलेल्या दिवशी, सांगितलं होतं तसंच. दिवसभर फोन येत राहिले, सर, तुमचं अगदी तंतोतंत निघालं. सुधींद्रराव हं हं म्हणत राहिले. त्यांच्यासमोर आठवड्याभराचे रचलेले फोटो ओळीनं होते आणि हातात पट्टी होती. धूमकेतू आणि निवेदिता यांच्यात पहिल्या दिवशी चार बोटं अंतर होतं. आता साडेतीन उरलं होतं. रोज सारखंच कमी होत होतं. अशा अंतराचं गणित सोपं असतं. नववीतल्या पोरालाही येतं. ते अंतर अकरा जानेवारीला शून्य होत होतं.

त्याच संध्याकाळी धूमकेतू सूर्याच्या उजेडात शिरून दिसेनासा होणार, असं त्यांनीच लेखात लिहिलं होतं.

४

पासपोर्टच्या फोटोसाठी दोघं सकाळी अकराला स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला ओळखीचा होता. सुधींद्ररावांचा फोटो एका झटक्यात झाला. निवेदिता बसली, तिनं केस सारखे केले, दिवा लखलखला. स्टुडिओवाल्यानं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "अल्लाडब्याड्री अक्कारं." हलू नका, म्हणून. निवेदिता म्हणाली, नाही हलले. पुन्हा काढला. पुन्हा म्हणाला. सहा वेळा झालं. मागचा पडदा स्वच्छ, खुर्चीची कड स्वच्छ, तिच्या गळ्यातला दोरा आणि तिचा चेहरा मात्र ओल्या शाईवरून बोट फिरवावं तसा एका बाजूला गेलेला.

थोडासाच. चेहरा ओळखू येत होता. पण सहाही फोटोंत एकाच बाजूला.

स्टुडिओवाला बिचारा ओशाळला, पैसे घेईना. अक्कांना कंप वगैरे आहे का, असं त्यानं सुधींद्ररावांना कन्नडमधून हळूच विचारलं. सुधींद्रराव स्टुडिओच्या भिंतीकडे बघत होते. दार उत्तरेला, म्हणजे ती भिंत पूर्वेची. सकाळी अकराला धूमकेतू पूर्वेकडे क्षितिजावर नुकताच येतो, दिवसाच्या उजेडात कुणाला दिसत नाही एवढंच. फोटोतली निवेदिता त्या भिंतीकडे पुसली गेली होती.

रिक्षात बसल्यावर निवेदिता म्हणाली, हल्ली तिला एक विचित्र वाटतं. चक्कर नाही. गाडीत उलटं तोंड करून बसलं की जसं वाटतं तसं, सगळं आपल्यापासून लांब चाललंय. घरात बसल्या बसल्यासुद्धा. सुधींद्ररावांनी रिक्षावाल्याला उगाचच हळू चालवायला सांगितलं. त्यांना भीती वाटली. लहान मुलाला जिन्याखालच्या अंधाराची वाटते तशी साधी, नागडी भीती, आणि तिच्यावर गणिताचा काही उपाय नव्हता.

५

तरी त्यांनी गणितच केलं. दुसरं काही येत नव्हतं.

कागदावर ते आधी बाण काढायचे: आत्ता या खोलीतून धूमकेतू कोणत्या दिशेला, किती उंचावर. मग कागद उपडा ठेवायचे आणि निवेदिताचा मोबाईलवर फोटो काढायचे. ओट्याशी उभी असताना, तुळशीला पाणी घालताना, वेदश्रीशी व्हिडिओवर बोलताना. मग कागद उलटायचे. दुपारी दोनला ती दक्षिणेकडे, वर. संध्याकाळी सहाला पश्चिमेकडे, किंचित वर. प्रत्येक वेळी बाण बरोबर. एकदा त्यांनी मुद्दाम चुकीचा बाण काढला, अगदी उलटा, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण चुकावं म्हणून देवाला हात जोडले. फोटो त्या बाणाप्रमाणे आला नाही. जिकडे यायचा तिकडेच आला.

सर्वांत वाईट सकाळ होती. सकाळी सातला धूमकेतू अजून क्षितिजाखाली, जमिनीच्या पलीकडे असायचा. सात वाजता काढलेल्या फोटोत निवेदिता चहाचा कप घेऊन दारात उभी होती, हसत होती, आणि घोट्यांपासून खाली फरशीत ओघळली होती.

आतापर्यंत त्यांनी एका गोष्टीचा आधार धरून ठेवला होता. धूमकेतूच्या वेगानं ती चालली असती तर एवढ्याशा क्षणात तिचा मागमूसही राहिला नसता. म्हणजे वेग जुळत नव्हता. जुळत होती ती फक्त दिशा. वेग जुळत नाही तोवर याला पुरावा म्हणता येत नाही, असं ते स्वतःला वर्गात सांगितल्यासारखं सांगत. पण पुसट भाग आठवड्याला दुप्पट होत होता. वेग जुळायला वेळ लागणार होता, इतकंच.

ते तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मग हुबळीला मेंदूच्या डॉक्टरांकडे. मोठ्या मशीनमध्ये पाऊण तास निजवून डोक्याची चित्रं काढली. मशीन चालवणाऱ्या मुलीनं बाहेर येऊन सांगितलं की आजी फार हलल्यात, पुन्हा घ्यावं लागेल. निवेदिता म्हणाली, अगं पट्ट्यांनी बांधलं होतंस ना मला. दुसऱ्यांदा घेतलं तेही तसंच आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं.

निवेदिताला त्यांनी काही सांगितलं नाही. काय सांगणार? ती मात्र अडतीस वर्षं त्यांना ओळखत होती. एका दुपारी भाजी चिरता चिरता म्हणाली, तुम्ही सारखे माझे फोटो काढायलाय, लग्नात एक काढला नव्हता.

६

शेवटी ते लॅपटॉप काखोटीला मारून प्रभंजनकडे गेले. प्रभंजन त्यांचा जुना विद्यार्थी. हुबळीत गोकुळ रोडला त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. सुधींद्ररावांच्या कॅमेऱ्याची बैठक त्यानंच घडवून दिली होती, आणि फोटो रचण्याचं काम त्यांना शिकवलं होतं तेही त्यानंच. बरोबर निवेदितालाही घेतलं, धारवाडपासून लांब नेलं तर बघू म्हणून. प्रभंजननं तिला पंख्याखाली खुर्ची दिली, उसाचा रस मागवला. तिथेही सुधींद्ररावांनी फोटो काढला. तिथेही बाण बरोबर आला. अंतरानं काही फरक पडणार नव्हता. धूमकेतूच्या अंतरापुढे हुबळी काय आणि धारवाड काय.

प्रभंजननं चोवीस नोव्हेंबरची फाईल उघडली. लेथचा आवाज चालू होता म्हणून त्यानं एकदा हातानं खूण करून मशीन बंद करायला लावलं. मग पडद्याकडे वाकून बराच वेळ बघत राहिला.

"सर, हा पहिला बिंदू तुम्ही धूमकेतूवर नाही ठेवलाय."

सुधींद्रराव वाकले. पहिल्या फोटोत अजून पुरता अंधार नव्हता. आकाशातला धूमकेतू नुसता अंदाजानं दिसत होता. त्याच्या खाली चार बोटांवर टॉर्चचा प्रकाश होता, गोल, टपोरा. बिंदू त्या टॉर्चवर होता. थकलेल्या डोळ्यांची, चष्मा बदलायला झालेल्या माणसाची चूक. पहिला बिंदू निवेदिता, शेवटचा बिंदू धूमकेतू. मधला सगळा हिशेब कॉम्प्युटरनं केला होता.

"पण मग हा फोटो असा यायलाच नको," प्रभंजन म्हणाला. "पहिला बिंदू चुकला तर धूमकेतूचाच फराटा व्हायला पाहिजे. सगळं बिघडायला पाहिजे सर. हे जुळलं कसं?"

जुळलं होतं. आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो. सुधींद्ररावांना हात टेकायला काहीतरी हवं होतं म्हणून त्यांनी लेथ धरला, तो तापलेला होता, तरी हात काढला नाही.

प्रभंजननं बिंदू उचलून खऱ्या धूमकेतूवर ठेवला आणि सगळं पुन्हा रचलं. वीस मिनिटं लागली. या वेळी धूमकेतूचा फराटा झाला, ताऱ्यांचा झाला, गच्चीचा झाला. सगळ्या फोटोत स्पष्ट अशी एकच गोष्ट उरली, आणि तिची मान आता थोडी वर वळलेली होती.

त्यानं फाईल पुसून टाकली. सुधींद्ररावांनी हो म्हटलं म्हणून मूळ फोटोही पुसले, सगळे, दीड महिन्याचे. मग दोघांनीही पंख्याखालच्या खुर्चीकडे पाहिलं. निवेदिता रसाचा ग्लास मांडीवर धरून बसली होती. ग्लासातला रस सपाट नव्हता. नैर्ऋत्येकडच्या काठाला चढून बसला होता, आणि तिकडे शटरबाहेर दुपारचं रिकामं, निळं आकाश होतं.

प्रभंजननं कन्नडमधून काहीतरी पुटपुटत नमस्कार केला. कोणाला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

७

अकरा जानेवारीला सुधींद्रराव गच्चीवर गेले नाहीत. धूमकेतू सात चोवीसला मावळणार होता. एवढ्या दोन महिन्यांत त्यांनी जेवढं म्हणून भाकीत केलं होतं, त्यातलं एकही एका मिनिटानं चुकलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी निवेदिता सोलाणे सोलत बसली होती. तिची खुर्ची पश्चिमेच्या भिंतीकडे. सुधींद्रराव समोर बसले. सहा पस्तीसला त्यांनी तिचा डावा हात मनगटाशी धरला. त्यांचं ठरलं होतं: सात चोवीसपर्यंत धरून ठेवायचं. या योजनेत शास्त्र काही नव्हतं, आणि ते त्यांना पुरेपूर माहीत होतं.

निवेदिता लाजली. एका हातानं सोलायला लावताय होय, म्हणाली, आणि खरंच एका हातानं सोलत राहिली. वेदश्रीच्या बाळासाठी शिवलेल्या दुपट्याबद्दल बोलली. जर्मनीत हरभऱ्याचे डहाळे मिळत नसतील नाही, असं म्हणाली. पासपोर्टचं काय झालं ते तिनं विचारलं नाही. बोलता बोलता एकदा थांबून तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आज बरे खाली बसलात. धूमकेतूला सोडलंत वाटतं."

"सोडलं," सुधींद्रराव म्हणाले.

बसताना त्यांनी कोपर टेबलावर टेकलं होतं. सात वाजता बघितलं तेव्हा कोपर टेबलावर नव्हतं. हात लांब झाला होता, खांद्यापासून ताठ. खुर्च्या जागच्या जागी होत्या. तिच्या खुर्चीचे पाय त्याच फरशीवर, त्यांच्या खुर्चीचे त्याच फरशीवर, मध्ये तेच टेबल, तेच सोलाण्यांचं ताट. त्यांनी दुसऱ्या हातानंही मनगट धरलं आणि पाय टेबलाच्या पायाला अडवले.

"अहो, ओढू नका ना."

"मी ओढत नाहीये, निवे."

"मग कोण ओढायलंय?" ती हसली. मग हसू ओसरलं आणि ती आपल्या मनगटाकडे बघू लागली. बांगड्या कातडीत रुतल्या होत्या, भोवती पांढरं झालं होतं. सात अकरा झाले होते. सुधींद्ररावांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, पण तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"दुखायलंय हो," निवेदिता म्हणाली. "सोडा आता."

वेदश्रीच्या वेळी बावीस तास कळा देऊनही तिनं दुखतंय म्हटलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा म्हटलं नव्हतं. सुधींद्ररावांनी दात आवळून आणखी थोडा वेळ धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना बघवेना. त्यांनी पकड सैल केली. सोडली नाही, बांगडी रुतू नये एवढीच सैल केली.

मनगट त्यांच्या हातांतून निसटून गेलं नाही. हळूच, न दुखवता गेलं. निवेदिता समोरच बसली होती, ताटामागे, भिंतीपाशी. तिनं मनगट चोळलं आणि तिचे ओठ हलले.

सुधींद्रराव वाट बघत राहिले. मग आवाज आला. "हं, आता बरं वाटतंय."

वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो. मधले सेकंद मोजले की अंतर निघतं, हे त्यांनी चौतीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. न ठरवता त्यांनी आत्ताही मोजले होते. तीन. म्हणजे एक किलोमीटर.

निवेदिताचे ओठ पुन्हा हलले. काहीतरी लांबलचक सांगत होती, हसून, त्यांच्याकडे बघत, सोलाण्याचं टरफल बोटांत फिरवत. सुधींद्रराव मोजू लागले. चार. सात. अकरा. ती बोलत होती आणि ते मोजत होते.